शांताकाकींची परात

राऊळ चाळीचा पत्ता सांगायचा तर ‘घाटकोपर पश्चिम, डोंगराच्या कुशीत’ असा सांगायला लागायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, काय झकास जागा! प्रत्यक्षात बारा खोल्या एका ओळीत आणि त्यांच्या पाठीला लागून डोंगर. मध्ये दगडी संरक्षक भिंत. तिला पाणी जायला भोकं ठेवलेली होती. पावसाळ्यात त्या भोकांतून स्वच्छ पाणी यायचं आणि चाळीतल्या बायका त्यावर भांडी घासायच्या. डोंगराने दिलेला फुकटचा नळच म्हणा ना.

सुलक्षणाला मात्र त्या भिंतीचा भरवसा वाटत नव्हता. मागच्या पावसात पलीकडच्या वस्तीत दरड सरकली होती. माणसं थोडक्यात वाचली, पण तेव्हापासून ती रोज भोकांतलं पाणी पाहून यायची. ती मुलुंडला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिथे महिन्यातून एकदा घंटा व्हायची, सगळ्यांनी हातातलं टाकून फाटकाशी जमायचं आणि मग डोकी मोजायची. आपल्या चाळीत हे का नाही, असं तिला वाटायचं. भोकांतलं पाणी गढूळ झालं की थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या शाळेत जायचं. एवढं तर सोपं होतं! शाळेचा रखवालदार राजाराम तिच्या कारखान्यातल्या मैत्रिणीचा भाऊ निघाला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही दार उघडून द्यायचं त्याने कबूल केलं होतं.

चाळीला हे सांगितल्यावर चाळ हसली. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या शांताकाकी, भिंतीला अगदी खेटून असलेल्या बाराव्या खोलीच्या मालकीण. वय पासष्टच्या पुढचं, आवाज भोंग्यासारखा, चाळीत कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाचं काय बिनसलं इथपर्यंत सगळं तोंडपाठ.

“चाळीस वर्सा ऱ्हवतंय मी हय,” त्या म्हणाल्या. “डोंगरान कधी माका ‘ऊठ’ म्हणूक नाय. तू कोण गो माका उठवणारी?”

सुलक्षणाचा जीव अडकला होता तो नेमका याच बाईत. तिची आई लवकर गेलेली. दोन्ही बाळंतपणांत तिच्या अंगाला तेल चोळलं, तिला डिंकाचे लाडू भरवले, रात्र रात्र पोरं पायावर घेतली ती याच काकींनी. बाकीचे आले असते हो आज ना उद्या. पण काकी हलल्या नाहीत आणि डोंगर हलला तर?

शेवटी ती काकींच्या यजमानांकडे गेली. धाकूकाका गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. संपाला चार वर्षं झाली, गिरणी गेली, पण काकांचा रुबाब गेला नव्हता. कारण चाळीचं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा होता.

कोकणातली माणसं मुंबईत आली तरी राखणदाराला विसरत नाहीत. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो आणि पावसाआधी त्याला नारळ द्यावा लागतो. राऊळ चाळीचा राखणदार भिंतीच्या टोकाला एका काळ्या दगडात होता. तिथे चाळ जमायची, काका गाऱ्हाणं घालत देवाशी बोलायचे आणि प्रत्येक मागणीनंतर सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मागणी काय आहे हे ऐकायची पद्धत नव्हती. काका थांबले की म्हणायचं, एवढंच लक्षात ठेवायचं.

“काका, ते थाळीचं नि शाळेचं तेवढं गाऱ्हाण्यात घालाल का?” सुलक्षणाने हळूच विचारलं.

काकांनी मिशीवरून हात फिरवला. “देवाक मधी घालून माणसांका फसवायचा?”

“फसवायचं कसलं काका? राखण करा एवढंच तर सांगायचंय. ती आपणही थोडी करायची.”

काकांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “चाळीस वर्सात माझा एक आयकूक नाय तिना. देवाचा तरी आयकता काय बघूया.”

जूनच्या पहिल्या रविवारी नारळ ठेवला गेला. काकांनी हात जोडले. “बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरांनी तुका नारळ ठेयलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“पोराटोरांका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी थाळी वाजली की एकूणएक माणूस हातातला टाकून शाळेत जाऊन उभो ऱ्हवात रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“दाराक एक पिशवी तयार ठेवतीत, रेशनकार्डाची नि औषधांची, आनी भांडीकुंडी गोळा करीत कोण बसाचो नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनी शांताबाय सगळ्यांची डोकी मोजतली, एक जरी कमी भरला तरी कोणाक गप बसूक देवची नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तो शांताकाकींचा होता.

आपण काय बोलून बसलो ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. काकींनी नवऱ्याकडे असं बघितलं की दगडातला राखणदारही दचकला असता. पण काकांनी तोवर नारळ फोडला होता. देवासमोर गेलेला शब्द मागे घ्यायची कुणाची हिंमत?

चौथ्या खोलीतले भाऊराव लांब उभे होते. ते बौद्ध, मूळचे परभणीकडचे. नारळाला येत नसत, नंतरच्या जेवणाला आवर्जून येत. ते पुढे आले आणि सुलक्षणाला म्हणाले, “वहिनी, मी महाराजाला होय म्हणत नाही. तुम्हाला म्हणतो. आमच्या घरातले पाच जण धरा.” तिला इतका आनंद झाला की तिने त्यांच्या पानात दोन वडे जास्त वाढले.

जुलैतल्या एका रविवारी भोकांतून तांबूस पाणी यायला लागलं. सुलक्षणाने थाळी बडवली. सगळी चाळ कुरकुरत, छत्र्या सावरत शाळेत पोचली. काकी सुद्धा आल्या, तोंडाचा पट्टा चालू ठेवून. “माझी डाळ चुलीर करपली असतली!” पण डोकी मोजली बरोबर. सत्तेचाळीस.

पिशव्या उघडल्या तेव्हा कळलं, चाळीने तयारी कशाची केली होती. एकीतून सुके बांगडे निघाले, एकीतून पत्ते, एकीतून लग्नाचा अल्बम. रेशनकार्ड, गोळ्या, बॅटरी आणि बिस्किटं होती फक्त भाऊरावांच्या पिशवीत. ती बिस्किटं सगळ्यांनी खाल्ली, मग पत्त्यांचा डाव बसला, काकांनी भजन धरलं आणि भाऊरावांच्या मुलीने, मीराने, बाकावर असा काही ठेका धरला की राजाराम रखवालदारही टाळ्या पिटायला लागला.

संध्याकाळी उलगडा झाला. डोंगरावर वरच्या अंगाला कुणीतरी खोलीच्या पायासाठी माती उकरून ठेवली होती, ती वाहून आली होती. डोंगर जागच्या जागी होता. सुलक्षणाची मान खाली गेली.

पुढचे पंधरा दिवस तिला चाळीत तोंड काढायची सोय राहिली नाही. “काय सुलक्षणा, आज मॅटिनी की फर्स्ट शो?” तिचा नवरा श्यामकांतसुद्धा जेवताना ताट वाजवून दाखवायचा. हसत सगळेच होते, राग कुणाला नव्हता. पण चेष्टा झालेल्या माणसाला ते कुठे कळतं!

ऑगस्टमध्ये पावसाने तीन दिवस दम घेतला नाही. रविवारी दुपारी सुलक्षणा भिंतीशी गेली आणि थबकली. एवढा पाऊस कोसळत होता आणि भोकं कोरडी! गढूळ पाणी नाही, स्वच्छ पाणी नाही, काहीच नाही. हे बरं की वाईट, तिला कळेना. ती घरात गेली, थाळी उचलली आणि तशीच उभी राहिली. आज पुन्हा खोटं ठरलं तर तिसऱ्या वेळी कोण येईल? काकी तर नक्कीच नाही येणार.

एवढ्यात चाळीच्या शेवटच्या टोकाला दणदणाट झाला. थाळीचा नव्हे, पितळी परातीचा. बाराव्या खोलीच्या दारात शांताकाकी पदर खोचून, लाटण्याने परात बडवत उभ्या होत्या.

“बगीत काय ऱ्हवलास!” त्या ओरडल्या. “चाळीस वर्सा त्या पाण्यार भांडी घासलंय मी! एवढ्या पावसात पाणी बंद झाला म्हणजे ता आत साठता हा! चला भायर! ए धाकू, चप्पल नको शोधू, तसोच ये!”

चाळ पळाली. कुणी कुरकुरलं नाही. खरं सांगायचं तर मागच्या वेळची मजा आठवून पोरं सगळ्यांच्या पुढे होती. भाऊरावांनी सातव्या खोलीतल्या लंगड्या आजोबांना पाठीवर घेतलं. काकी सगळ्यांच्या मागून, एकेका दारात डोकावत आल्या. शाळेच्या ओसरीत त्यांनी मोजायला सुरुवात केली. सत्तेचाळीस भरले.

त्यानंतर चहा उकळण्याएवढा वेळ गेला असेल. आधी जमिनीतून घरघर ऐकू आली, मग भिंत फुटल्याचा आवाज. ओसरीतून सगळं दिसत होतं. लाल माती, दगड, एक अख्खं झाड, सगळं एकदम खाली आलं. अकरावी खोली अर्धी गेली. बारावी दिसेनाशी झाली.

काकांनी डोक्याला हात लावला. “शांता, घर गेला गो आपला.”

सुलक्षणा काकींकडे धावली. त्यांना मिठी मारून ती ढसाढसा रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली, कारण काकींचा तो जाडजूड, भिजलेला, हळदीचा वास येणारा देह तिच्या हातात होता. “काकी, तुम्ही माझ्या घरी राहायचं. ऐकायची नाही मी काही.”

“ऱ्हवान गो, ऱ्हवान. तुझ्या हातची आमटी खावची लागतली, एवढाच वाईट वाटता.” काकींनी तिला बाजूला केलं, नाक पुसलं आणि चाळीकडे वळल्या. “चला, सगळे परत रांगेत उभे ऱ्हवा.”

“अगो, मोजलंस ना आत्ताच? सत्तेचाळीस,” काका म्हणाले.

“माहीत हा माका. पण माका परत मोजूचे हत.”

आणि ओल्याचिंब कपड्यांनी, हसत, डोळे पुसत, सगळी राऊळ चाळ पुन्हा रांगेत उभी राहिली. काकी सावकाश निघाल्या. या वेळी त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने आकडा म्हटला, तान्ह्या पोरापासून लंगड्या आजोबांपर्यंत. सुलक्षणाच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मात्र त्या आकडा म्हणायच्या विसरल्या, आणि मागे उभ्या असलेल्या पोरांना तो ओरडून सांगावा लागला.