मास्तरांचे कोपर आणि माझी बारीक मूठ

मित्रांनो, मी एक जुनी टेनिसची रॅकेट आहे. लगेच चेहरे पाडू नका. मला कुणाची कीव नको. उभ्या जन्मात मी माणसांना फार जवळून पाहिले आहे आणि त्यांच्या अकलेबद्दल माझे मत काही चांगले नाही.

माझा जन्म सियालकोटच्या एका कारखान्यात झाला. अंगाला वाफवून वाकवलेले लाकूड, त्यात मेंढीच्या आतड्याच्या तारा, अशी मी. तोंडाकडे जड आणि मुठीत बारीक. एका गोऱ्या इंजिनिअरबरोबर बुलढाण्याला आले. तो गेला तेव्हा माझा लिलाव झाला आणि चिखलीच्या शाळेतल्या अर्जुनराव मास्तरांनी मला घेतले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनतीन वर्षे झाली होती.

अर्जुनराव चित्रकलेचे मास्तर. फळ्यावर खडू टेकवून एका झटक्यात असा गोल काढायचे की पोरे आ वासून बघायची. त्या गोलावरच त्यांची पोटापाण्याची मदार होती, कारण नोकरी अजून कायम झाली नव्हती. पण मला निवडताना या शहाण्याने काय पाहिले? वजन! बाजारातला भोपळा उचलून पाहावा तशी मला उचलली आणि म्हणाले, "जड हाये. म्हणजे भारी चीज!" घ्या!

शाळेमागे मुरमाचे कोर्ट होते. शाळेत पाणी भरणारी गोजरबाई ते दर आठवड्याला शेणकाल्याने सारवायची. पहिल्याच दिवशी तिने मला हातात घेतले आणि मुठीवर बोटे मिटून पाहिली.

"मास्तर, मूठ लय बारीक हाये हो," ती म्हणाली. "खुरप्याची मूठ धरली का बोटं अन् तळव्याच्या मधात एक बोट बसलं पाह्यजे. नाही तं आवळून धरा लागते, मंग कोपर बोंबलते. जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळा."

अर्जुनराव खो खो हसले. "गोजरबाई, हे खुरपं नोहे, विलायती खेळ हाये!"

मीही हसले. शेण सारवणारी बाई मला शिकवणार! माझ्या अंगाला चिंधी? शी!

त्यांच्याबरोबर उत्तमराव वकील खेळायचे. खेळापेक्षा जीभ जास्त चालणारा माणूस. तो म्हणाला, "मास्तर, तारा ताणून घ्या. टण्ण वाजल्या पाह्यजेत." अर्जुनरावांनी अकोल्याला नेऊन माझ्या तारा ताणून घेतल्या. आता चेंडू आदळला की त्याचा सगळा दणका सरळ त्यांच्या कोपरात जायचा. मला काय त्याचे! माझा आवाज खणखणीत येत होता आणि बघणारे वाहवा करत होते.

दिवाळीपर्यंत मास्तरांचे कोपर ठणकू लागले. आधी तांब्या उचलवेना, मग शर्टाचे बटण लागेना. एक दिवस वर्गात त्यांनी गोल काढायला घेतला आणि फळ्यावर दुधीभोपळा उमटला. पोरे हसली. मास्तरांनी तो पुसला, पुन्हा काढला, पुन्हा भोपळाच. हेडमास्तर नारायणराव दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी हात नीट झाला तं ठीक, नाही तं मले दुसरा माणूस पाहा लागीन."

मग सुरू झाला उपचारांचा तमाशा. कुणी बिब्बा तापवून कोपरावर चटके दिले. कातडी भाजली, दुखणे तसेच. कुणी तेल चोळले, कुणी दोरा बांधला. उत्तमराव म्हणे, "खेळत राहा, खेळून खेळूनच मोकळं होते." वा रे वकील!

शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात दाबून पाहिला. "दीड महिना खेळ बंद," ते म्हणाले. "नंतर अर्धा भरलेला तांब्या रोज हळूहळू उचला आणि हळूहळू खाली ठेवा. आणि ही रॅकेट बदला. हलकी घ्या, सैल तारांची, हातात नीट बसणारी."

दीड महिन्याने अर्जुनराव मला घेऊन पुन्हा अकोल्याच्या दुकानात गेले. या वेळी त्यांनी वजनाचा दिमाख पाहिला नाही. एकेक रॅकेट धरायची आणि डाव्या हाताचे एक बोट उजव्या मुठीत घालून बघायचे. मी ओळखले. गोजरबाईचे खुरपे! एका हलक्या, रंग उडालेल्या, अगदी गावंढळ रॅकेटीच्या मुठीत बोट बरोबर बसले. तिला घेतले. मार्चमध्ये फळ्यावर पुन्हा गोल उमटला आणि नोकरी राहिली.

मला त्यांनी गोजरबाईपुढे टाकले. "चुलीत घाल हिले!"

तिने घातले नाही. पुढे तारा तुटल्या. तिने चौकटीला जुने कापड ताणून शिवले, मुठीला लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि मला कामाला लावले. उन्हाळ्यात ती छपरावर सांडगे वाळत घालते, तेव्हा मी कावळे हाकते. सियालकोटची मी, कावळे हाकते!

परवा अर्जुनराव सांडगे न्यायला आले. आता त्यांचे केस पिकले आहेत. सहज त्यांनी मला उचलले, मूठ मिटली आणि थबकले. मग डाव्या हाताचे बोट आत घालून पाहिले. बरोबर बसले.

"गोजरबाई," ते हळूच म्हणाले, "एवढ्या चिंधीनं झालं असतं? काऊन नाही गुंडाळली मी?"

"म्या सांगतलं होतं मास्तर. तुमी हासले."

मास्तरांनी मला अलगद खाली ठेवले. मी तर त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसले होते.

तेव्हा मित्रांनो, कोणतीही वस्तू घेताना चारचौघांचे डोळे पाहू नका, आपला हात पाहा. आणि शेणाच्या हातांनी कुणी सांगितले तरी ऐका. ऐकले असते तर आज मी कोर्टावर असते. आता जा घरी, माझ्याकडे असे टकामका बघू नका. तो बघा, कावळा सांडग्यांवर बसला!