यूच्या फळांबद्दलचा अभिप्राय

चर्चच्या आवारातलं यू नावाच्या सदाहरित झाडांचं जुनं कुंपण तोडायचं ठरलं ते हेस्टर लव्हेलच्या नातीमुळे. ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्या पोरीने कुंपणावरची दोन लाल फळं तोंडात टाकली. तिला काहीच झालं नाही. पण हेस्टर चर्च-समितीची अध्यक्ष होती.

जनावरांची डॉक्टर म्हणून समितीने मला लेखी विचारलं: यूची फळं विषारी आहेत का? मी लिहिलं, फळाचा लाल गर निरुपद्रवी असतो. आतली बी विषारी, चावली तर जिवाला धोका. विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर दिलं आणि सही केली.

शनिवारी कुंपण तोडलं. रविवारी सकाळी इड्रिस प्रोबर्टचा फोन आला. त्याचं कुरण चर्चच्या भिंतीला लागून. म्हातारा एकटा, आजोबांपासून जोपासलेल्या वंशातल्या सहा कालवडी तेवढ्या उरल्या होत्या.

"डॉक्टर, माझ्या पोरी उठत नाहीत."

मी पोचले तेव्हा पाच मेलेल्या होत्या. एकीच्या दातांत अजून हिरवी डहाळी होती. सहावी उभी होती, थरथरत. भिंतीच्या कडेने यूचा पाला गुडघाभर पडला होता.

इड्रिस तिला गोठ्याकडे न्यायला निघाला. मी त्याचा हात धरला. "हलवू नका. दगदगीने हृदय बंद पडेल. यावर उतारा नाही. शांत राहिली तर कदाचित जगेल."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हेस्टर ओरडली, "इड्रिस, आम्ही फळं एकूणएक वेचून जाळली रे! तुझ्या गाईंना नुसता पाला टाकला. थंडीत तेवढंच हिरवं!"

"हळू बोल, बाई. यूचा पाला गुरांना घालू नये हे माझ्या आजीलासुद्धा ठाऊक होतं."

"मग सांगायचंस ना!"

"मला विचारलं कुणी? मी चर्चला येत नाही, म्हणून माझ्याशी बोलायचं नाही. आणि माझ्या गाईंना मात्र प्रसाद!"

हेस्टरने माझ्याकडे बघितलं. "आम्ही तज्ज्ञांना विचारलं होतं. पाल्याचं कुणी काही बोललं नाही."

इड्रिसही वळला. "तुम्हाला ठाऊक होतं, डॉक्टर?"

"हो. पानं बीइतकीच वाईट. सुकल्यावरही."

"मग?"

"फळांबद्दल विचारलं होतं."

इड्रिस सहाव्या कालवडीपासून चार पावलांवर, दवाने भिजलेल्या गवतात बसून राहिला. दुपारी एकच्या सुमारास तिने पुढचे पाय दुमडले आणि ती कुशीवर पडली. मी तपासलं. नकारार्थी मान हलवली.

सामान उचलून मी बाहेर पडले आणि सवयीने फाटकाची कडी लावू लागले.

"राहू द्या उघडंच," इड्रिस म्हणाला. "आता आत कोण आहे?"