दुपारची दिवेलागण

नागपुरात गांधीबागेच्या पुढे दिव्यांचं एक मोठं दुकान आहे. तिथल्या सेल्समनने मला विचारलं, "काकाजी, वॉर्म पाहिजे का कूल?" मी म्हटलं, "कूलर घरी आहे बाबा, मला दिवा दे."

तो हसला नाही. हल्ली दुकानात कोणी हसत नाही. त्याने नुसतं छताकडे बोट केलं. वर गोल, चौकोनी, पट्टीसारखे, ताटाएवढे, बशीएवढे असे झाडून सगळे एलईडी दिवे एकदम लावून ठेवलेले. मान वर करून करून मला घेरी यायची वेळ आली. आमच्या घरात जन्मभर एका खोलीला एक ट्यूबलाइट, तीही लागण्याआधी चार वेळा विचार करणारी. आता म्हणे दिव्याचा रंग, त्याची जागा, तो डोळ्यांवर येतो की नाही, हे सगळं आधीच ठरवायचं. कारण पीओपीचं छत एकदा बंद झालं की मागाहून कुरकुर चालणार नाही, असं अंकुशने, म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियनने, बजावून ठेवलं होतं.

खोली सुमतीसाठी होती. सुमती माझी बायको. शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या आमच्या घरात झोपायची खोली वरच्या मजल्यावर, आणि गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून घसरली. हाड वाचलं. पण त्याच्याही आधीपासून तिचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅस, मग नावं, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, खालीच राहू द्या, बाथरूम लागून असू द्या, आणि उजेड भरपूर ठेवा. म्हणून मागच्या अंगणात ही खोली काढली.

मला ती अजून ओळखत होती. सकाळी तर पक्की ओळखायची. "अहो, चहा गार करून प्यायची तुमची खोड काही जात नाही," असं चक्क रागावून म्हणायची, आणि ते ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम चहा गार होऊ द्यायचो. अडचण संध्याकाळची होती. दिवे लागले की तिला वाटे, मी अजून ऑफिसातून यायचा आहे. तो मी म्हणजे लूनावरून येणारा, काळ्या केसांचा. समोर खुर्चीत बसलेला हा म्हातारा कोण, हे विचारायचा तिला संकोच वाटायचा. ती पदर सावरून बसायची. तेवढी एक संध्याकाळ कशीबशी काढली, तिला झोप लागली, की सकाळी मी पुन्हा तिचा नवरा. एवढ्यावर मी खूश होतो. खरंच सांगतो, याहून जास्त मला काही नको होतं. हे आहे तेवढं टिकलं पाहिजे, बस.

दुकानात मोबाइलवर आमचे चिरंजीव ऋषी पुण्याहून हजर होते. मी फोन छताकडे धरून हात दुखवून घेत होतो आणि तो सांगत होता, "बाबा, जरा डावीकडे. नाही, इतकं नाही." शेवटी तो म्हणाला, "सेन्सरवाले घ्या. आईला नव्या खोलीत स्विच सापडणार नाही. वरच्या खोलीत तिचा हात अंधारातसुद्धा बरोबर बटणावर जायचा, ती इतक्या वर्षांची सवय होती. इथे ती चाचपडेल आणि पुन्हा पडेल. हे दिवे माणूस हलला की आपोआप लागतात."

पोराचं म्हणणं मला सहसा पटत नाही, पण हे पटलं. लांब बसून आईसाठी त्याला तेवढंच करता येत होतं, आणि ते तो मनापासून करत होता. रंग पिवळसर घेतला, घरच्यासारखा. तो सुमतीला आवडेल असं मीच सुचवलं.

अंकुशने दिवे बसवले. मी भिंतीवर बटण शोधत होतो.

"स्विच कुठं आहे गा?"

"याले स्विच लागतच नाही, काकाजी. काकू हालल्या का लागते, बसल्या का थोड्या वेळानं बंद. उजेड असला तं लागतच नाही. तुम्हाले टेन्शनच नाही."

उजेड असला तर लागत नाही, हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. एप्रिल संपत आला होता. खोलीला खिडकी एकच, ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे. आणि नागपुरात एकच खिडकी असली की तिचं काय होतं हे सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी मी स्टँड आणून तिच्यात कूलर बसवला, फटींना पुठ्ठे लावले, बाहेरून खसची, म्हणजे वाळ्याची, ताटी टांगली. दार ओढून घेतलं की भर दुपारी आत गारेगार अंधार. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

सुमतीला हाताला धरून आत आणलं, तर छतातले सगळे दिवे टपकन लागले. ती थबकली. वर बघितलं आणि हात जोडून डोळे मिटले. दिवा लागला की हात जोडायचे, मग तो समईचा असो की विजेचा, ही तिची लहानपणापासूनची सवय. मला गंमत वाटली. मग तिने जाऊन अंगणाकडचं दार सताड उघडलं. दिवेलागणीला दार बंद ठेवायचं नसतं. बाहेर दुपारचा एक वाजला होता, तापलेली झळ भप्पकन आत आली, आणि ती उंबऱ्यात उभी राहून फाटकाकडे बघत म्हणाली, "हे आले नाहीत अजून."

"सुमती, मी इथेच आहे."

तिने वळून बघितलं आणि पदर सावरला.

पूर्वी दिवसातून एकच संध्याकाळ व्हायची. आता किती व्हायच्या त्याला हिशेब नव्हता. ती पलंगावर स्वस्थ पडली की दिवे जात. मी हळूच बोलायला लागे, तिला हळूहळू मी आठवू लागे, आणि तिने कूस बदलली की लख्ख उजेड. की हात जोडलेच, की दार उघडलंच, की मी परका. सकाळचं तेवढं माझं होतं, तेही गेलं. कारण दार लावलं की खोलीत सकाळीही अंधारच.

दिवसा मदतीला येणाऱ्या रंभाबाई मला स्वयंपाकघरात येऊन सांगायच्या, "काकाजी, काकू पुन्हा दारात जाऊन उभ्या हायेत. मी म्हटलं, अवं बाई, काहून उन्हात उभी राहून राहिली? तं म्हणते, यांची वाट पाहून राहिली."

अंकुशला बोलावलं. त्याने शिडी लावून काहीतरी फिरवलं आणि दिवे कायम चालू ठेवले. त्या दिवशी ती दिवसभर दारातच उभी राहिली, पाय सुजले. मग मी मेन बोर्डावरून दिवे पार बंदच करून टाकले, तर बाथरूमला जाताना पलंगाचा कोपरा तिच्या गुडघ्याला लागला. कूलर काढून खिडकी मोकळी केली, तर दुपारपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला आणि रंभाबाईंनी मला न विचारता तो परत लावला. हॉलमध्ये आणून बसवलं, तर रस्त्यावरच्या प्रत्येक हॉर्नला ती दचके आणि खोलीकडे निघे. ऋषीला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मी चांगल्यासाठीच सांगितलं होतं हो." मी म्हटलं, "अरे, मला माहीत आहे." त्याला आणखी काय सांगणार? उजेड केला की संध्याकाळ, नाही केला की अंधार. आयुष्यात इतकं हतबल मी कधी झालो नव्हतो.

शेवटी रंभाबाईच म्हणाल्या, "काकाजी, ते तुमची वाट पाहून राहिली ना? मंग तुम्ही या ना बाहेरून."

मला राग आला. या वयात नाटकं करायची का? पण राग आला तरी मी वर जाऊन कपाटातली ऑफिसची जुनी बॅग शोधली, शर्ट पॅंटीत खोचला, आणि हॉलमधून बाहेर पडून घराला वळसा घालून मागच्या फाटकाशी गेलो. मे महिन्याचं दुपारचं ऊन. डोक्याला रुमाल बांधला होता, त्याखाली पांढरे केस झाकले गेले, हे मागाहून लक्षात आलं. फाटकाची कडी वाजवली, ऑफिसातून आल्यावर रोज वाजवायचो तशी. सुमती दारातच होती.

"आलो गं," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा काही उजळला की मी चप्पल काढायची विसरलो. "किती उशीर? जीव नुसता टांगणीला लागला होता," म्हणत तिने माझ्या हातातून बॅग घेतली. मी आत येऊन दार लावलं; दिवे आधीपासून लागलेलेच होते. तिने माठातलं पाणी आणलं, माझ्याजवळ पलंगावर बसली आणि म्हणाली, "अहो, किती वाळलात तुम्ही. डबा नीट खात नाही ना?"

"खातो गं."

"खोटं. ऋषी तुमच्यावरच गेलाय."

तिने माझा हात हातात घेतला. मी रडत होतो, पण आवाज न करता. बोलायचं बरंच होतं, पण आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने दिवे गेले. कूलरचा आवाज तेवढा राहिला. त्या अंधारात ती माझी बायको होती आणि मी तिचा नवरा. नाकाच्या शेंड्यावर घाम आला होता, तो मी पुसला नाही. पाय वळला होता, तो मोकळा केला नाही. मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. देवा, तिलाही अशीच बसू दे, एवढंच मनात चाललं होतं.

तिला माझ्या गालावरचं पाणी जाणवलं असावं. ते पुसायला तिने हात उचलला.

दिवे लागले. गालाशी आलेला तिचा हात तिथूनच मागे फिरला, दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. डोळे मिटून तिने नमस्कार केला. डोळे उघडले तेव्हा ती जरा सरकून बसली आणि तिने पदर नीट खांद्यावर घेतला. माझ्या हातातला रिकामा पेला तिला दिसला.

"आणखी पाणी देऊ का?" ती अदबीने म्हणाली. "बसा ना. हे येतीलच इतक्यात."