शेवट नाई सांगायचा

मी वडशात राहत होते तेव्हा आमचा एक नियम होता. पुस्तक असो की पिक्चर, गोष्ट सगळी सांगायची, रडायच्या जागी रडूनही दाखवायचं, पण शेवट सांगायचा नाही. नियम मूळचा खुर्शीदाभाभीचा. तिच्या नवऱ्याचं, शफीभाईंचं, बसस्टँडसमोर कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान होतं, आणि "शेवट सांगून टाकला तं कॅसेट कोन नेईन, बाई?" हा तिचा सवाल बिनतोड होता. मी पडले मास्तरीण. नियम म्हटला की मला हुरूप येतो, म्हणून मी तो माझ्या पुस्तकांनाही लावून टाकला.

दर रविवारी दुपारी चारला मी दुकानामागच्या तिच्या खोलीत जायची. तीन भिंतींना छतापर्यंत कॅसेटी, चौथ्या भिंतीला स्टोव्ह, आणि मधे रिवाइंड करायचं एक छोटं लाल मोटारीसारखं यंत्र सारखं घरघरत असायचं. भाभी आलं ठेचून घट्ट चहा करायची, मी बेकरीतून खारी न्यायची, आणि बशीत चहा ओतून त्या आठवड्यात काय पाहिलं, काय वाचलं याचा हिशोब व्हायचा. तिचा पिक्चर सांगून झाला की शेवटची वीस मिनिटं ती टीव्हीवर लावून द्यायची. माझं पुस्तक सांगून झालं की मी ते शेवटासाठी तिच्याकडे ठेवून यायची. ती दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, वाचायची भराभर, आणि पुढच्या रविवारी म्हणायची, "तुमच्या लेखकाले पिक्चर काढाले दिला तं धंदा बसून जाईन." अशी सात वर्षं गेली. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे, आणि मी नंतर कितीदा आलं ठेचलं तरी ती जमली नाही.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात मला चाळिशी लागली आणि ती मला मान्य नव्हती. लांबचं लख्ख दिसायचं. रस्त्यापलीकडे कोणी कुठली साडी नेसली ते मी सांगू शकायची, पण जवळची अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. चष्मा घेतला तर वर्गातल्या पोरी आजी म्हणतील, या भीतीने मी महिनाभर काही वाचलंच नाही. आता भाभीने सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलेलं, "आमच्या बाई रोज एक किताब खाऊन टाकतात." अशा माणसाने रिकाम्या हाताने कसं जावं? त्या रविवारी तिचा पिक्चर सांगून झाला, तिने चहा ओतला आणि म्हणाली, "तुमचं सांगा."

मी तोंड उघडलं आणि एक कादंबरी सांगायला लागले.

दोघी बहिणी. गाव कोकणातलं, कारण समुद्र मी फक्त भाभीच्याच टीव्हीवर पाहिला असला तरी कादंबरीला समुद्र लागतो अशी माझी समजूत. मोठी बहीण एका पेटी वाजवणाऱ्याबरोबर निघून जाते. बाप आंघोळ करून मोकळा होतो. तीन महिन्यांनी लहानीच्या नावाने पत्र येतं: अमुक दिवशी सकाळच्या बोटीने येते, धक्क्यावर बसून राहीन, घरात घेत असतील तर मला न्यायला ये. लहानी पत्र कोणाला दाखवत नाही. जातही नाही.

"मंग?" भाभी म्हणाली.

"मग शेवट."

"किताब तं द्या."

"लायब्ररीत परत करावी लागली. पुठ्ठा फाटलेला होता, नावसुद्धा नव्हतं."

सराईत खोटं बोलणारी बाई इतकं बोलत नाही, हे मला तेव्हाही कळलं. भाभीने नुसती मान डोलावली आणि माझ्या बशीत आणखी चहा घातला.

कादंबरी अर्थातच नव्हती. बहिणी होत्या. माझी सुगंधाताई चौऱ्याहत्तर साली, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांच्या दिवसांत, एका नाटक कंपनीच्या पेटीवाल्याबरोबर गेली, हे अख्ख्या वडशाला माहीत होतं. पत्राचं कोणालाच माहीत नव्हतं. पोस्टमनने ते दारातच माझ्या हातात दिलं होतं, आणि मी ते वाचून चुलीत घातलं. मी सतरा वर्षांची होते. ताई ज्या सकाळी स्टेशनावर येणार होती, त्याच सकाळी आरमोरीचे पाहुणे मला बघायला येणार होते. पळून गेलेली बहीण दारात उभी असताना कोणी पोरगी करून नेत नाही, एवढं मला कळत होतं. आईची पिवळी साडी मला नेसवली होती, आणि त्यात मी हळदीच्या पोत्यासारखी दिसत होते. पाहुण्यांनी दोन-दोन बशा पोहे खाल्ले आणि मुलीचे दात पुढे आहेत असं कळवलं. पुढे आणखी चार जणांनी पोहे खाल्ले. मग मी मास्तरीण झाले.

ताई परत कधी दिसली नाही. ती त्या दिवशी किती वेळ बसली, मग चांद्याच्या गाडीने गेली की गोंदियाच्या, कोणी सांगू शकलं नाही, कारण विचारणार कोण? मी तर स्टेशनावर गेलेच नव्हते.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी खोलीत शिरले तर भाभी बशांत चहा ओतून माझीच वाट पाहत बसलेली.

"बाई, ते तुमची किताब भेटली."

"कोणती?"

"दोन बहिनीची. आमच्या यायनं कॅसेटीच्या कव्हरासाठी रद्दी आनली, त्याच्यात निघाली. पुठ्ठा नाई, नाव नाई. मी म्हटलं, हे तं तेच. दोन दिवसांत वाचून काढली."

मी हसले. मला वाटलं, हिने मला पकडलं आणि आता चिडवते आहे. मीही चिडवावं म्हणून म्हटलं, "आवडला का समुद्र?"

"समुद्र कुठी हाय त्याच्यात?" भाभी म्हणाली. "तुमी तं बोट-बोट करून राह्यल्या होत्या. त्याच्यात टेशन हाय. छोटी गाडी येते. तुमची दुसऱ्या किताबीशी गफलत झाली काय?"

माझ्या हातातली खारी बशीत पडली आणि विरघळून गेली. भाभी सांगत होती आणि मी खारीकडे बघत होते. ती म्हणाली, पाहुण्यांचं मस्त लिहिलं आहे, ते फुकटे पोहे खाऊन जातात आणि दाताले नाव ठेवतात, तिथे तिला लय हसू आलं. म्हणाली, साडीचं वाचून तिला स्वतःचा निकाह आठवला. पाहुण्यांबद्दल मी तिला कधी सांगितलं नव्हतं. दातांबद्दल तर मी कोणालाच सांगत नाही. ते सांगायची गरज पडत नाही.

"पन एक गोष्ट तुमी मले चुकीची सांगतली," भाभी म्हणाली. "तुमी म्हटलं, लहानी जात नाई. जाते ना. पाहुने यायच्या पह्यले जाते धावत. चिंचेच्या झाडामागं हुबी राह्यते. चपलेचा अंगठा तुटला असते, त्याले पिन लावलेली. बहीन बाकावर बसून असते पत्र्याची पेटी घेऊन. लहानी पाह्यते पाह्यते, आन वापस जाते."

रिवाइंडचं यंत्र खट्कन थांबलं.

पिन मी विसरून गेले होते. बाकी विसरले नव्हते. मी तुम्हालाही मघाशी सांगितलं की मी गेले नाही. तेवीस वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले, आणि सवयीने ते इतकं गुळगुळीत झालं होतं की सांगताना जीभ अडखळत नाही. मी गेले होते. चिंचेच्या खोडाला हात लावून उभी होते. ताई पत्र्याच्या पेटीवर हात ठेवून बसली होती, वाळली होती, आणि दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होती. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग मला पोह्यांचा वास आठवला.

तेव्हापासून मला जगात एकच गोष्ट कळून घ्यायची होती. तिने मला पाहिलं का? नसेल पाहिलं, तर पत्र पोचलंच नाही असं समजून ती गेली असेल, आणि तेवढ्यावर मला जगता येत होतं. पाहिलं असेल तर सगळंच वेगळं.

"भाभी," मी म्हटलं, आणि आवाज अगदी सहज ठेवला, "मग ती मोठी बघते का तिला? चिंचेमागे?"

भाभीने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. "वा बाई. मले तपासून राह्यल्या? शेवट नाई सांगायचा."

"अहो, पण..."

"तुमी तं वाचली हाय ना?"

मी वाचली होती. मी तसंच सांगितलं होतं. नाही म्हणायचं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, ती कादंबरी नव्हती आणि ती लहानी समोर बसून चहा पिते आहे, हे. मी म्हटलं, "हो, हो. जरा विसरले म्हणून."

"असा शेवट कोन विसरते?" भाभी म्हणाली. "मी तं रडली."

पुस्तक बघायला मागितलं, तर ते तिची नणंद बल्लारपूरला घेऊन गेली होती. पुढच्या ईदला आणते म्हणाली. नणंद आली, पुस्तक आलं नाही. मी दर रविवारी जात राहिले, पिक्चर ऐकत राहिले, आणि नाइलाजाने चष्मा घेऊन खरी पुस्तकं वाचून सांगू लागले. आम्ही दोघी पहिल्यासारख्याच हसायचो. फक्त भाभी कधीकधी मधेच माझ्या पायांकडे बघायची, म्हणजे मला तसं वाटायचं, आणि मी चपला दाराबाहेर काढून ठेवायला लागले.

मग गावात घरोघरी केबल आली आणि कॅसेटी कोणी नेईना. दोन हजार साली शफीभाईंनी दुकान बंद केलं आणि दोघं चांद्याला गेली. निघताना भाभीने मला ते लाल यंत्र दिलं. माझ्याकडे कॅसेट नव्हती एकही, पण मी ते टीव्ही नसलेल्या माझ्या खोलीत खिडकीत ठेवलं.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात शाळेत तिचा फोन आला.

"बाई, नणंदेनं घर झाडलं. ते किताब वापस आली. तुमच्यासाठी ठेवली मी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"रविवारी या. चहा घेऊ. शेवट तुमीच वाचा, मी सांगनार नाई."

"भाभी, तुम्हाला कधी वाटलं नाही का, की..."

"काय?"

"काही नाही. येते."

"नक्की यान? मी टेशनावर घ्याले येतो. बसून राहीन."

रविवारी सकाळी मी तिकीट काढलं. खारीचा पुडा घेतला, वाचायचा चष्मा पर्समधे घातला. छोटी लाईन जाऊन आता मोठी आली होती, फलाट उंच झाला होता, पण चिंच होती आणि तिच्या समोरचा दगडी बाकही होता. त्या बाकावर मी आयुष्यात कधी बसले नव्हते. त्या दिवशी का बसले, माहीत नाही. पाय दुखत होते म्हणू या. गाडी उशिरा होती. थंडीचं कोवळं ऊन पडलं होतं, बोर्डाजवळ एक म्हातारा बिडी ओढत होता, आणि मी मनात शेवटाची तयारी करत होते, कारण पुस्तकात "तिने पाहिलं नाही" असं निघालं तर भाभीसमोर रडू यायला नको, आणि "पाहिलं" असं निघालं तर मग काय करायचं ते मला ठरवता येत नव्हतं. दर थोड्या वेळाने मी रस्त्याकडे बघत होते. कोणाची वाट बघत होते, देव जाणे.

तेव्हा चिंचेमागे काहीतरी पिवळं दिसलं.

लांबचं मला अजून लख्ख दिसतं. एक पोरगी होती, सतराएक वर्षांची. अंगापेक्षा मोठी साडी, निऱ्या एका मुठीत धरलेल्या, धावत आल्यामुळे खांदे वरखाली होत होते. एका पायातल्या चपलेला ऊन लागून काहीतरी चकाकलं. झाड काही तेवढं जाड नव्हतं. तिला वाटत होतं ती कोणाला दिसत नाही, पण बाकावरून सगळंच दिसत होतं, तिचे दातसुद्धा. तिने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं.

मी हाक मारली नाही. त्या बाकावरून मारवत नाही. पोर इतकी भेदरलेली असते, आणि घरी तिचे पाहुणे यायचे असतात.

तिने पदर ओढून घेतला. चिंचेमागचं पिवळं नाहीसं झालं आणि तेवढ्यात गाडी आली. चांद्याची की गोंदियाची, ते न बघता मी चढले.