पात्यावरची काजळी

मी एक जुनी माणकाची कांडी आहे. लांबीला तुमच्या करंगळीएवढी, रंगाने फिकी गुलाबी. अंगठीतल्या माणकासारखी मी खाणीतून निघाले नाही. मला भट्टीत बनवलं. मग कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत नेड्रा ट्रँटर नावाच्या बाईंनी माझी दोन्ही टोकं हाताने घासून गुळगुळीत केली आणि त्यांवर चांदीचा मुलामा चढला. नेड्राबाईंचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. सगळं बारीक काम त्या उजव्या डोळ्याने करत. त्यांचे यजमान हॉलिस त्याच खोलीत मला चालवत.

मित्रांनो, लेसर किरण नुकताच निघाला होता, त्या वर्षी वर्तमानपत्रं मला मृत्युकिरण म्हणायची. गोष्टींतल्या वीरांच्या कमरेला असतं ना, तसलं किरणांचं पिस्तूल आता आलंच, असं लोकांना वाटे. खरं सांगते. माझ्याभोवती वेटोळ्यासारखा एक दिवा असे. तो लखकन पेटला की माझ्यातले क्रोमियमचे अणू त्याचा प्रकाश शोषून घेत आणि मग सगळे एका तालात परत सोडत. तो प्रकाश माझ्या दोन टोकांमध्ये ये-जा करत वाढे आणि बारीक लाल किरण होऊन सुटे. त्या एका किरणासाठी कपाटभर यंत्रांत वीज साठवावी लागे. कमरेला कपाट कोण बांधणार?

माझी ताकद मोजायची पद्धत मात्र अगदी घरगुती होती. दाढीची पाती एकामागे एक लावायची आणि कितींना भोक पडलं ते मोजायचं.

"आज किती?" नेड्राबाई विचारत.

"तीनच," हॉलिस म्हणत.

"हात्तिच्या! म्हणजे नुसती मिशी झाली, दाढी राहिली!"

चकचकीत पातं किरण परत फेकतं. म्हणून नेड्राबाई प्रत्येक पात्यावर मेणबत्तीची काजळी धरत.

एके दिवशी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. "काळं पातं फोटोत दिसायचं नाही हो," तो म्हणाला. "जरा चमकू द्या की."

हॉलिसनी पातं रुमालाने पुसलं.

"अरे, नको पुसू," नेड्राबाई म्हणाल्या.

"एकदाच गं. पेपरात फोटो येईल तुझा. जरा वाकून बघितल्यासारखं कर."

त्या वाकल्या. दिवा पेटला. पात्याला भोक पडलं, पण पातं जरासं तिरकं बसलं होतं. थोडा किरण त्याच्यावरून उडाला आणि नेड्राबाईंच्या उजव्या डोळ्यात गेला.

त्यांना दुखलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हॉलिस, तुझं तोंड कुठे गेलं?"

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग भाजला होता. पुढे माझ्याच जातीच्या किरणांनी डॉक्टर रुग्णांच्या डोळ्यांतले सुटलेले पडदे जागच्या जागी चिकटवू लागले. तशी बातमी आली की हॉलिस दवाखान्यात धावत. दर वेळी उत्तर एकच. "सुटलेलं चिकटवता येतं, ट्रँटर. जळलेलं नाही."

नेड्राबाईंचं काम सुटलं. प्रयोगशाळेत माझ्याहून चांगल्या कांड्या आल्या आणि मी मोडीत गेले. हॉलिसनी मला तिथून उचललं, कोटाच्या खिशात ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

घरी नेड्राबाई म्हणत, "तुझे कान दिसतात. मोठेच आहेत म्हणा. मधलं काही दिसत नाही." तेव्हापासून हॉलिस त्यांच्यासमोर बसेनात. खुर्ची बाजूला ओढून बसत, म्हणजे डोळ्याच्या कडेने तरी त्यांना दिसावं. अशी एकवीस वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात नेड्राबाई फार आजारी पडल्या. हॉलिस नेहमीसारखे खाटेच्या बाजूला बसले होते.

"आज समोर बस," त्या म्हणाल्या.

"समोरून दिसत नाही तुला."

"माझ्यासाठी नाही रे. तू मला बघून घे."

हॉलिस उठून समोर बसले. संध्याकाळी नेड्राबाई गेल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून किती तरी ताकदीची यंत्रं चालवाल. ती कशाकशाला भेदतात हे जरूर मोजा. पण सुरू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर किरण अडवणारा चष्मा आहे ना, ते बघा. आणि शेजारचं माणूस नको म्हणालं, तर थांबा.