पोट ‘साकु’ म्हणतं तेव्हा

टिंग.

भार्गवीने मला वाटीत ठेवताना मी काठावर आपटलो आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. पाठमोरी बसलेली सिद्धी दचकली. मित्रांनो, माझ्या आवाजाने मूल दचकतं, याची मला फार लाज वाटते.

मी एक जुना चांदीचा चमचा आहे. बंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या सराफाकडे घडलो. उष्टावणाला श्रीवत्समामाने मला खिरीत बुडवून सिद्धीच्या ओठांना लावलं. खीर संपली तरी ती मलाच चोखत राहिली. सगळे कौतुकाने हसले.

पुढे दहीभात म्हणजे तिचा जीव की प्राण झाला. पण शेजारणी म्हणायच्या, पोर वाळलीय हो. तिची आई, भार्गवी, ते मनाला लावून घ्यायची. सिद्धी शाळेत शिकलेलं कन्नड ‘साकु’ म्हणायची, म्हणजे पुरे. भार्गवी म्हणायची, “स्वल्प, थोडंसंच अजून. हा चिऊचा, हा काऊचा.” मोबाइलवर कार्टून लागलं की तोंड आपोआप उघडायचं आणि मी आत शिरायचो. कधी ती मला दातांत घट्ट धरायची. माझ्या कडेवर ते वण अजून आहेत. मला ते लाडाचे वाटत. खरं तर ती मला अडवत होती.

एकदा काऊच्या घासानंतर तिच्या पोटातलं सगळं उलटून पडलं. तेव्हापासून दहीभाताच्या वासानेही ती तोंड फिरवू लागली.

मल्लेश्वरमच्या डॉक्टर अहल्याक्कांनी समजावलं. पोट भरत आलं की पोट आणि आतडी मेंदूला निरोप धाडतात, मग भूक ओसरते. निरोप पोचायला थोडा वेळ लागतो, आणि कार्टूनच्या नादात त्याच्याकडे लक्षही जात नाही. ज्या खाण्यामागून मळमळ आली, ते मेंदू नावडतं ठरवून टाकतो. “ती हट्टी नाही गं,” अक्का म्हणाल्या, “तिचं पोट सांगत होतं, तूच ऐकलं नाहीस.” भार्गवीने मान खाली घातली. तिच्या पिशवीत, डब्याशेजारी, मीही होतो.

मित्रांनो, कुणी पुरे म्हटलं की हात मागे घ्या. माझ्यासारखे पुढे रेटू नका.

आज कार्टून नव्हतं. सिद्धीने आपणहून दहीभात बोटाने चाखला. दोन घास खाल्ले, वाटी सरकवली आणि घाबरत म्हणाली, “साकु.”

“सरी, बरं,” भार्गवी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

ती स्वतः नुकतीच पोटभर जेवली होती. तरी उरलेला भात टाकवेना म्हणून, रोजच्या सवयीने, तिने मला उचललं. मी तिच्या ओठांपाशी पोचलो, तेवढ्यात सिद्धीने विचारलं,

“आई, तुझं पोट कधीच साकु म्हणत नाही का?”