एकेचाळीस मिनिटं

टपालबाईंनी शेवटची कळ दाबली, दोन्ही हात हवेत उचलले आणि म्हणाल्या,

“झालं!”

जावईबापूंनी मोबाइलमधलं घड्याळ थांबवलं.

“पाच मिनिटं वीस सेकंद. बाई, तुम्ही माणूस आहात की वादळ?”

टपालबाई लाजल्या. कौतुकाची त्यांना सवय नव्हती. घरी नवऱ्याने आयुष्यात एकदाच ‘छान झालं’ म्हटलं होतं, तेही सासूबाईंच्या ऑपरेशनबद्दल.

कंपनी कुलपं बनवायची. तिच्यात चोर शिरला तो मात्र दार न फोडता. कोणीतरी ‘आपल्याला बक्षीस लागले आहे’ असं पत्र संगणकावर उघडलं आणि दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस यंत्रं आंधळी झाली. कोणी उघडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे ते वरच्या मजल्यावर उघडलं गेलं असणार. मग संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले. त्यांना सगळे डॉक्टर म्हणू लागले. त्यांनी सगळी यंत्रं पाटीसारखी पुसून कोरी केली आणि बजावलं, की ऑफिसच्या तारांमध्ये रोग अजून आहे. बरा झालेला पेशंट पुन्हा त्याच खाटेवर निजवायचा नाही. यंत्रं बाहेर कुठेतरी मांडायची, तिथल्या स्वच्छ लाइनवर त्यांच्यात सगळे प्रोग्राम भरायचे, प्रत्येकावर त्या त्या टेबलाचं नमुन्याचं एक काम करून बघायचं, आणि मगच ती ऑफिसात नेऊन जोडायची.

म्हणून मागच्या गल्लीतलं बंद पडलेलं चपलांचं दुकान पंधरा दिवसांसाठी घेतलं होतं. मापांचे आकडे लिहिलेल्या फळ्यांवर आता संगणक बसले होते. गोदामाचं यंत्र नऊ नंबरात, कुलपांच्या नकाशांचं चार नंबरात. गिऱ्हाइकाने पाय पुढे करून बसायचं ठेंगणं स्टूल बाईंच्या वाट्याला आलं होतं, आणि समोरच्या तिरक्या आरशात त्यांना दिवसभर स्वतःची पावलं तेवढी दिसत.

नमुन्याचं काम करायला बाईंनाच बोलावलं, यात नवल नव्हतं. कंपनीचं आवक-जावक टपाल सव्वीस वर्षं त्यांच्या हातून गेलं होतं. कोणाची रजा पडली की त्याच्या खुर्चीत बाई. कोणाचं काम अडलं की ‘बाईंना विचारा’. आणि वेळ मोजायला होते जावईबापू. मालकांनी मुलीबरोबर त्यांना एक केबिनही दिली होती.

“वेळ कशाला मोजायची, साहेब?” बाईंनी सकाळी विचारलं होतं.

“डॉक्टरांना लागते. कुठलं यंत्र मंद आहे ते कळतं.”

तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि शर्यतच लावली. बावीस यंत्रं झाली तेव्हा जावईबापूंना सासऱ्यांचा फोन आला. पाढा म्हणावा तसे ते ‘हो बाबा, हो बाबा’ करत बाहेर गेले. डॉक्टरांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला.

“काय डॉक्टर, निघालं का एखादं मंद?”

“यंत्र? छे! सगळी एकाच आईची लेकरं.”

“मग साहेब दिवसभर काय टिपून घेतायत?”

डॉक्टरांनी बिस्कीट चहात बुडवलं.

“तुम्हाला सांगितलं नाही वाटतं? मला सोळाच यंत्रं जोडायला सांगितलीत. आठ विकायची. जे काम टपालाच्या बाईंना सहा मिनिटांच्या आत जमतं त्याला वेगळा माणूस कशाला, असं साहेबांचं गणित आहे.” बिस्कीट तुटून चहात पडलं. “अरेरे!” डॉक्टर म्हणाले. ते बिस्किटाला उद्देशून होतं.

जावईबापूंचा कागद काउंटरवर होता. बाई उठल्या आणि चष्मा वर करून त्यावर वाकल्या. बावीस आकडे, त्यातल्या सातांना लाल गोल. गोदामवाले भाऊ, त्यांना निवृत्तीला अकरा महिने उरले होते. नकाशेवाली पोर, बाळंतपणाची रजा संपवून गेल्याच महिन्यात परतलेली. आताचं पाच वीस म्हणजे सुट्या भागांचे नाना. बाकीचे चारही बाईंनी बोटाने मोजले. सातही गोल त्यांच्या हातचे, हसतखेळत मिळवलेले.

पंधरा टेबलं वाचली होती. एक जागा उरली होती आणि फळीवर दोन यंत्रं. एक त्यांचं स्वतःचं. दुसरं तक्रारताईंचं.

तक्रारताई गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देत. दोघी एकोणीस वर्षं एकाच डब्यात जेवत आल्या होत्या. एकीच्या पोराला ताप आला की दुसरी रात्रभर त्याच्या उशाशी जाऊन बसायची, इतकं त्यांचं गूळपीठ.

जावईबापू आत आले.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “सकाळची सात-आठ यंत्रं पुन्हा बघू का? मी जरा घाईच केली.”

“पुन्हा कशाला? घाईत माणूस खरं तेच करतो.”

एवढ्यात बाईंचा मोबाइल वाजला.

“काय गं, माझं झालं का?” तक्रारताईंचा आवाज दुकानभर ऐकू गेला. “की मला मुद्दाम रांगेत शेवटी ठेवलंयस?”

“आता तुझंच घेतेय.”

“मग पटापटा हात चालव बाई. नाहीतर बसशील माझ्या गिऱ्हाइकांच्या रडकथा वाचत. तुझं मन म्हणजे लोणी!”

बाईंनी फोन ठेवला. तक्रारींच्या यंत्रावर नमुन्याची पाच पत्रं होती. पहिली दोन त्यांनी सावकाश वाचली, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. तिसरं उघडलं आणि त्यांची नजर फळीकडे गेली. तिथे आता एकच यंत्र उरलं होतं. बाईंनी नजर परत आणली. बांगड्या कोपराकडे सारल्या. पुढची तीन पत्रं त्यांनी वाचलीच नाहीत. उत्तरं त्यांना येतच होती. कुलूप उघडत नसेल तर किल्ली तपासावी, किल्ली तीच असेल तर दार तपासावं.

“चार मिनिटं दहा सेकंद!” जावईबापू ओरडले. “आजचा उच्चांक!”

लाल पेन वाटोळं फिरलं.

आपल्या यंत्रापुढे बसल्यावर बाईंनी आधी चष्मा पुसला. मग स्टूल पुढे घेतलं, मग मागे घेतलं. सव्वीस वर्षं दहाही बोटांनी चाललेलं काम त्यांनी एका बोटावर आणलं, आणि ते बोटसुद्धा परक्या गावात पत्ता शोधणाऱ्या पाहुण्यासारखं अक्षराअक्षरापाशी थांबून चौकशी करत निघालं. एक नोंद चुकवली, खोडली, पुन्हा केली. डॉक्टरांनी जांभई दिली. जावईबापू मोबाइलमधलं घड्याळ बघत उभे होते.

“तेवीस मिनिटं,” ते अखेर म्हणाले. “तुमचं काम फारच किचकट दिसतंय, बाई.”

“आहेच मुळी,” बाई म्हणाल्या.

“मग तुमचं टेबल राहणार. अभिनंदन.” त्यांनी कागद बाईंसमोर धरला. “आणि ही जी आठ टेबलं जातायत, त्यांचं काम सोमवारपासून तुमच्याकडे. मी बेरीज करून ठेवलीय. आठांची मिळून एकेचाळीस मिनिटं. जेवायच्या सुट्टीआधी उरकेल.”

“अहो साहेब, ते नमुन्याचं एकेकच काम होतं! खऱ्या दिवशी तशी तीस-तीस येतात...”

“असं होय? मग तुमचंही नमुन्याचंच होतं की.” जावईबापूंनी मोबाइल पुन्हा हातात घेतला. “लावू का घड्याळ आणखी एकदा?”

आवाजात राग नव्हता. जावईबापू कधी रागावत नसत. सासुरवाडीत राहून ती सवय मोडली होती. ते नुसते हसत होते, आणि त्यांना सगळं ठाऊक असल्याचं बाईंना त्या हसण्यावरून कळलं.

“नको,” बाई म्हणाल्या.

“उत्तम. यंत्र सुरूच आहे तर तेवढी आठ पत्रंही तयार करून टाका. मजकूर मी दिलाय, ‘आपल्या सेवेची यापुढे’ वगैरे. तुम्ही फक्त नावं आणि पत्ते घाला. जावक टपाल तुमच्याकडेच ना? सोमवारी पहिल्या खेपेत जाऊ द्या.”

ते आणि डॉक्टर यंत्रं बाहेरच्या टेंपोत चढवू लागले. आधी सोळा, नीट गुंडाळून. मग आठ, न गुंडाळता.

पत्ते बाईंना पाठ होते. गोदामवाले भाऊ, नाना, नकाशेवाली पोर. कोणी वेळ मोजत नव्हतं, तरी दहाही बोटं आपसूक धावत होती. आठव्या पत्रावर त्या क्षणभर थांबल्या. मग लिहू लागल्या: दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार.

मोबाइल थरथरला. पडद्यावर तक्रारताईंचं नाव उजळलं. बाईंनी तो पालथा घातला. हात गुंतले होते. पत्त्यातली एकच ओळ राहिली होती.